प्लास्टरमधला पाय आणि म्हातारपणाचा नवा हिशेब

२०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण देशात केरळखालोखाल गोव्यात होतं, ११ टक्क्यांच्या थोडं वर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मधुमेह पाहणीतही गोवा सर्वांत पुढे निघाला: २६.४ टक्के. आपल्याकडे माणसं जगतात भरपूर, पण उतारवयात गोळ्यांचा डबा सुटत नाही. म्हणून म्हातारपण आणि हालचाल यांचं नातं मांडणारे अमेरिकन डॉक्टर वॉल्टर बॉर्ट्झ यांचं काम गोव्यात माहीत असायला हवं.

बॉर्ट्झ यांच्या आधी पाया घातला तो लंडनच्या डॉ. जेरेमी मॉरिस यांनी. दुमजली बसमध्ये दिवसभर बसून असणारा ड्रायव्हर आणि शेकडो पायऱ्या चढणारा-उतरणारा कंडक्टर यांची त्यांनी तुलना केली. कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी होता. हे १९५३ साली छापून आलं. पण त्यात प्रश्न हृदयाचा होता, म्हातारपणाचा नव्हे.

बॉर्ट्झ यांचा जन्म १९३० चा, फिलाडेल्फियाचा. वडीलही डॉक्टर, अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे अध्यक्ष राहिलेले. ते गेल्यावर आलेलं नैराश्य घालवण्यासाठी मुलगा धावू लागला. पुढे टाचेमागचा स्नायुबंध दुखावला आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. काही आठवड्यांनी प्लास्टर काढलं तेव्हा आत होता वाळलेला, ताठलेला, अगदी म्हाताऱ्या माणसाचा पाय. दुसरा पाय मात्र तसाच धडधाकट. दोन्ही पायांचं वय एकच, मग हा फरक कशाचा?

या प्रश्नाचा पाठपुरावा करून त्यांनी १९८२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात लेख लिहिला. स्नायू झिजणं, हाडं ठिसूळ होणं, दम लागणं हे आपण वयाच्या खात्यावर टाकतो. अंथरुणाला खिळलेल्या तरुणांतही हेच दिसतं. म्हणजे यातला काही भाग तरी वयाचा नाही, शरीर न वापरल्याचा आहे आणि तो सुधारता येतो, अशी त्यांची मांडणी. आयुष्यभराच्या व्यायामाइतकी आशा दाखवणारं औषध आज नाही आणि दृष्टिपथातही नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. वय काहीच करत नाही, असा दावा त्यांनी केला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुरावा आधीही होता, पुढेही येत गेला. १९६६ साली डलासमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर त्यांच्या शरीराची श्रम करण्याची क्षमता तीस वर्षांत जेवढी घटली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत घटली होती. १९९० साली बॉस्टनच्या वृद्धनिवासातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांचा अनुभव तर याहून बोलका. आठ आठवडे वजनं उचलणं पूर्ण केलेल्या नऊ जणांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. स्वतः बॉर्ट्झ ऐंशीव्या वर्षी बॉस्टनची मॅरेथॉन धावले, आणि २०२३ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी गेले.

फोंडा, सत्तरी, डिचोलीकडच्या कुळागरांत, म्हणजे पोफळी-माडांच्या बागांत, वेगळा व्यायाम कुणाला लागत नव्हता. पाणी शिंपणं, पडलेली पोफळीची झावळी ओढून आणणं, सुपारी सोलायला खाली बसणं आणि पुन्हा उठणं, यातच तो होऊन जाई. आता पंप आला, कामाला माणूस आला, मुलं कमावती झाली. ‘बाबा, तुम्ही बसा, आम्ही बघतो’ यात माया आहे, आदरही आहे. पण त्याच मायेपोटी घरातला सत्तरीचा माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीत राहतो.

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सकाळी फिरणारे ज्येष्ठ दिसतात, ते चांगलंच आहे. मात्र पासष्टीनंतर नुसतं चालणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींत आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या हालचालीबरोबर तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही सांगितले आहेत. खुर्चीच्या हातांना न धरता दहा वेळा उठणं-बसणं हीसुद्धा सुरुवात होऊ शकते. मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.