कोयत्यावर निघण्याआधी: ई-श्रम, ओळखपत्र आणि रेशन

24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा मराठवाड्यातली ऊसतोड माणसं पश्चिम महाराष्ट्रात, उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत होती. गावी परतायची परवानगी निघाली 17 एप्रिलला. मधल्या दिवसांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता, की ही माणसं नेमकी कोण आणि किती? कारखान्याचा करार टोळी जमवणाऱ्या मुकादमाशी, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मुकादमाच्या हातून, हिशोब कोयत्याचा. एका कोयत्यात नवरा-बायको दोघं, पण कागदावर बाई बहुतेक वेळा नाहीच. म्हणून पुढचे तीन कागद दसऱ्याच्या आत करा आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या नावानं करा.

ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची केंद्र सरकारकडची नोंदणी. वय 16 ते 59, भविष्यनिर्वाह निधी किंवा ईएसआयसी (कामगार विमा) नाही, आयकर भरत नाही, एवढं असलं की झालं. आधार, बँक खातं आणि आधारला जोडलेला मोबाईल लागतो. नोंदणीला पैसे लागत नाहीत, 12 अंकी क्रमांक मिळतो. नोंदणी ‘बंद झाली’ असं अजूनही गावोगाव ऐकायला मिळतं. ती बंद झालेली नाही. लोकांच्या डोक्यात बसलेली 31 मार्च 2022 ही तारीख त्या काळातल्या अपघात मदतीची होती, नोंदणीची नव्हे.

अडतं ते मोबाईलवर. आधारला जोडलेलं सिम तीन हंगामांपूर्वी हरवलेलं असतं, नाहीतर नंबरच मुकादमाचा दिलेला असतो, आणि ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. मग आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. त्याला वेगळा कागद लागत नाही, माणूस स्वतः लागतो. तिथं दुसरी अडचण येते. कोयता धरून धरून बोटांच्या रेषा गेलेल्या असतात आणि यंत्र ठसा घेत नाही. एका अंगठ्यावर अडून बसू नका, दहाही बोटं लावून बघा. बोटं आणि डोळे नव्यानं नोंदवता येतात, पण त्याला दिवस जातात. गाडी दारात उभी राहिल्यावर हे काम होत नाही.

ऊसतोड ओळखपत्र. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठीची ही नोंदणी ग्रामसेवकाकडे होते. आधार, पासबुक आणि फोटो घेऊन जा. अर्ज रखडतात ते तुम्ही तोडीला जाता याच्या पुराव्यावर. कारखान्याच्या वहीत नाव मुकादमाचं, मग मजुरानं दाखवायचं काय? गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं कोण तोडीला जातं, तरी कागद मागितला जातो. मुकादमाकडून दरवर्षी टोळीची सही केलेली यादी, कारखान्याचं नाव आणि हंगामासह, मागून ठेवा. उचल घेण्याआधी मागा. उचल घेतल्यावर तो देईल याची खात्री नाही. आणि बाईचं नाव त्या यादीत वेगळ्या ओळीत लिहून घ्या, ‘सपत्नीक’ नको.

रेशन. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे अन्नसुरक्षेतलं धान्य सांगली-कोल्हापुरातच काय, कर्नाटकातल्या दुकानातही घेता येतं. नवा अर्ज लागत नाही, कार्ड सोबत नेलंच पाहिजे असंही नाही. रेशनकार्डाचा किंवा आधारचा नंबर आणि अंगठा पुरे. दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणाला तर 14445 वर फोन करा. पण कार्ड केशरी असून अन्नसुरक्षेच्या यादीत नसेल, तर या सोयीचा उपयोग नाही. निघण्याआधी गावच्या दुकानात विचारून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो: म्हातारा-म्हातारी गावी, जोडपं फडावर, कार्ड एक. गावात आजोबांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचं धान्य उचललं की फडावरच्या यंत्रात शिल्लक शून्य. दुकानदारानं खाल्लं म्हणून भांडणं होतात, दर वेळी ते खरं नसतं. अन्नसुरक्षेतल्या ‘प्राधान्य कुटुंब’ कार्डावर माणशी 5 किलो मिळतं. गावी दोघं असतील तर आजोबांनी दहा किलोच घ्यावं, बाकीचं तुम्ही तिकडं घ्या. हे घरातच ठरवून निघा.

नवी सून असेल तर आणखी एक काम आहे. तिचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय सासरच्या कार्डावर चढत नाही. या दाखल्यासाठी माहेरच्या तालुक्याला हेलपाटे होतात, एकदा साहेब नाहीत, एकदा सर्व्हर नाही. लग्न उन्हाळ्यात झालं असेल तर पावसाळ्यातच हे उरका. लेकरांची नावंही तेव्हाच चढवा, जन्मदाखला सोबत न्या. प्रत्येक नावाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून पडताळणी, झाली आहे का तेही बघा. राहिली असेल तर जिथं असाल तिथल्या रेशन दुकानात अंगठा देऊन होते.

सगळ्या कागदांचे फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा. मूळ कागद उचलीपोटी मुकादमाकडे ठेवू नका, त्यानं मागितले तरी.