छपराचं काम द्यायचंय आणि मोबाईलवर ‘तीन कोटेशन फुकट’ दिसतंय? बटण दाबायच्या आधी हे वाचा

मे महिन्याच्या शेवटी कुर्टीच्या एका काकूंचा फोन आला, चांगल्याच तापलेल्या होत्या. झालं असं की पडवीचं छप्पर गळत होतं, मुलगा बोटीवर, म्हणून त्यांनी मोबाईलवर ‘रूफिंग कॉन्ट्रॅक्टर गोवा’ असं टाकलं, पहिली जी साईट आली तिच्यावर नाव नि नंबर भरला आणि चहा उकळेपर्यंत सात फोन. एक बेळगावचा, एक मुंबईचा, एक नुसतीच कॉल सेंटरवाली पोरगी, मॅडम बजेट किती, मॅडम कधी सुरू करायचं. घर कौलांचं की पत्र्यांचं हे मात्र एकानेही विचारलं नाही. काकू म्हणाल्या, माझा नंबर गावभर वाटला कोणी? आता फोन बंद करून ठेवू काय? आणि खरं सांगायचं तर त्या सातांतला एक फोन आमचाच होता. त्यांचा नंबर आम्हीही पैसे मोजून घेतलेला.

म्हणून हे पत्रक काढलं. आम्ही फोंड्याकडची छोटी फर्म, पत्रे, कौलं, पन्हाळी, फॅब्रिकेशन एवढंच करतो, दहा-बारा माणसं, एक पिकअप. असल्या साईटवर आम्हीपण आहोत, त्यामुळे बाहेरून शिव्या घालत नाही, आतून काय चालतं ते सांगतो.

नंबर भरल्यावर पुढे काय होतं

तुम्हाला वाटतं आपण कॉन्ट्रॅक्टर शोधतोय. साईटच्या हिशेबात तुम्ही ‘लीड’ असता, म्हणजे विकायचा माल. तुमचं नाव, नंबर, गाव आणि ‘छप्पर दुरुस्ती’ एवढी एक ओळ एकाच वेळी तीन-चार, कधी त्याहून जास्त लोकांना जाते आणि प्रत्येकाकडून पैसे घेतले जातात, एकेका लीडचे किंवा वर्षाच्या पॅकेजमधून. इंडियामार्टवर तर ‘बायलीड’ हा शब्दच आहे, लपवाछपवी काही नाही, तो त्यांचा धंदा आहे. जस्टडायल १९९६ मध्ये सुरू झालं तेव्हा लोक फोन करून प्लंबरचा नंबर विचारायचे, आता तेच ॲपवर होतं, पण पैसे पहिल्यापासून येतात ते धंदेवाल्यांकडून, तुमच्याकडून नाही. म्हणून तर तुम्हाला ‘फुकट’. आणि जो पैसे देतो त्याचं नाव वर, हे तर लग्नाच्या पत्रिकेपासून चालत आलंय.

आम्ही एका साईटचं वर्षाचं पॅकेज घेतलेलं (नाव नको, उगाच वाद). त्यात आलेल्या लीड्स बघा: एकाला एसी दुरुस्त करून हवा होता, एक कॉलेजचा मुलगा प्रोजेक्टसाठी रेट विचारत होता, दोन नंबर लागतच नव्हते, एकीला छप्पर नको होतं, तिला छपराखाली फॉल्स सीलिंग हवं होतं. तक्रार केली की ‘क्रेडिट’ देतात, पैसे नाही. मग जो एक खरा गिऱ्हाईक मिळतो त्याच्या कोटेशनमध्ये बाकीच्या चाळीस जणांचा खर्च कुठेतरी बसवावा लागतो, आम्ही नाही म्हटलं तरी कोणीतरी बसवतोच. आणि फोन पाच मिनिटांत केला नाही तर काम दुसरा घेऊन जातो, त्यामुळे घर बघायच्या आधीच रेट बोलायची सवय लागते. हे वाईट आहे पण असंच आहे.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असंही नाही. अमेरिकेतली होमअडव्हायझर नावाची अशीच मोठी कंपनी, तिच्यावर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२२ मध्ये केस घातली, आरोप असा की लीड्स कशा दर्जाच्या आहेत, कुठून येतात याबद्दल कॉन्ट्रॅक्टर लोकांना खोटं सांगून विकल्या. जानेवारी २०२३ मध्ये ७२ लाख डॉलरपर्यंत द्यायचं ठरवून ते मिटलं. म्हणजे तिथे फसल्याची तक्रार आमच्यासारख्यांची होती, पण शेवटी तो पैसा छप्पर घालणाऱ्या घरमालकाच्याच खिशातून निघाला असणार ना.

हिरवी टिक आणि पाच चांदण्या

‘व्हेरिफाइड’ म्हणजे काय हे त्या साईटच्या नियमांत बारीक अक्षरांत वाचा. आमची टिक कशी लागली सांगू? आधार, पॅन, बँकेचा कॅन्सल चेक आणि दुकानाचा एक फोटो. आम्ही घातलेलं एकही छप्पर बघायला कोणी आलं नाही. म्हणजे ती टिक सांगते की हा माणूस अस्तित्वात आहे, त्याने घातलेल्या पत्र्याखाली पाऊस गळतो की नाही हे ती सांगत नाही.

रिव्ह्यूंचं तेच. ऑनलाईन रिव्ह्यू कसे गोळा करायचे, कसे दाखवायचे यासाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० नावाचं स्टँडर्ड काढलंय, पण ते ऐच्छिक आहे. तेव्हा चांदण्या मोजू नका, तारखा बघा. छपराच्या कामाचा मार्चमध्ये टाकलेला ‘एक्सलंट सर्व्हिस’ काही कामाचा नाही, एक पावसाळा खाऊन ऑक्टोबरात लिहिलेला रिव्ह्यू वाचा. आणि फोटो. गोव्यातला म्हणवणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरच्या फोटोत घराच्या मागे देवदाराची झाडं होती, आम्ही स्वतः बघितलंय!

फोनवर जे कळत नाही

आता मुद्द्याचं. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे जवळजवळ १२० इंच, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. किनाऱ्याला खारा वारा, सत्तरी तालुक्याकडे केलडी, म्हणजे माकडं, कौलांवर नाचणार, जुन्या घरात वाळवी. असल्या छपराचा रेट वर न चढता जो सांगतो त्याला आमचा लांबूनच नमस्कार.

कौलांच्या घरात पाणी जिथे टपकतं तिथे बहुतेक वेळा कौल फुटलेलं नसतंच. वर आढ्याच्या कोन्याजवळ एखादं कौल सरकलेलं असतं, पाणी वाशावरून खाली घसरत येतं आणि खोलीच्या मध्यावर पडतं. फोनवरचा माणूस सांगणार, सगळी कौलं काढा नि पत्रे घाला. वर चढलेला मेस्त दहा कौलं, चार रिपा बदलून काम संपवेल. मंगळुरी कौलांची पहिली फॅक्टरी बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढली, आणि त्या पद्धतीची कौलं आपल्याकडे अजून कितीतरी घरांवर धड आहेत, लाकूड धड असेल तर उगाच काढू नका. उलट वासे आतून पोखरलेले असतील तर नुसती कौलं बदलणं म्हणजे पैसे वळचणीला टाकणं. हे कोणत्या ॲपला कळणार?

पत्र्यांचं काम असेल तर दोन जागी जास्त गडबड होते. एक माप. रेट चौरस फुटाचा असतो, पण कुठल्या चौरस फुटाचा, खालच्या जमिनीचा की उतारावरच्या पत्र्याचा? ३० अंशाचा उतार असेल तर जमिनीवर १००० चौरस फूट म्हणजे पत्र्यावर साधारण ११५५, शिवाय भिंतीबाहेर काढलेली झापं वेगळी. एकाचं कोटेशन स्वस्त दिसतं ते बरेचदा इथे, आणि बिलाच्या वेळी मग भांडण. दुसरी जाडी. ०.५० चा पत्रा म्हणून सांगतात, तो कोटिंग आणि रंगासकट ०.५० की आतलं लोखंडच ०.५०, हे लिहून घ्या, फरक आहे. गाडीतून पत्रे उतरले की मायक्रोमीटर लावून बघा, आम्हाला सांगितलंत तर आमचा मायक्रोमीटर देतो, दुसऱ्याचं काम असलं तरी. कोटिंग किती ग्रॅमचं तेही विचारा, कलंगुट, काणकोणसारख्या समुद्राजवळच्या ठिकाणी चौरस मीटरला १५० ग्रॅमच्या खालचं झिंक-ॲल्युमिनियम आम्ही घालत नाही. स्क्रूखाली रबरचा वॉशर चांगला हवा, हलका असला की दोन उन्हाळ्यांत तडकतो आणि मग प्रत्येक भोकातून एकेक थेंब, बादल्या लावून बसा.

मग साईट वापरायचीच नाही काय?

वापरा की. आम्हाला माहितीये, कितीतरी घरांना कुलूप आहे, मालक दुबईला, मुंबईला किंवा बोटीवर, गावात विचारायला कोणी नाही, अशांनी करायचं काय? नावं गोळा करायला ॲप चांगलं आहे. फक्त साईटचा फॉर्म न भरता कॉन्ट्रॅक्टरचं नाव आणि गाव टिपून घ्या आणि त्याला स्वतः फोन करा, म्हणजे तुमचा नंबर एकाकडेच जाईल. मग त्याला म्हणा, दोन पावसाळे झालेली दोन कामं दाखव, तुमच्या मेहुण्याला किंवा शेजाऱ्याला तिथे पाठवा, जुलैत भर पावसात पाठवलंत तर अजून चांगलं. जीएसटी नंबर दिला असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, १५ आकडी-अक्षरी असतो, गोव्यातल्या रजिस्ट्रेशनचा ३० ने सुरू होतो. नंबर नसला म्हणजे माणूस लबाड असं नाही, सर्व्हिसच्या धंद्यात वर्षाला २० लाखांच्या आतला व्यवहार असेल तर सहसा लागत नाही, पण बिलात १८ टक्के जीएसटी लावतोय आणि नंबर सांगत नाही, तर मात्र तिथेच थांबा.

गावात राहत असाल तर ॲपच्या आधी पत्रे विकणाऱ्या दुकानदाराला विचारा, कोण उधारी बुडवतो हे त्याच्याएवढं कोणालाच ठाऊक नसतं. देवळाच्या कमिटीला विचारा, मंडपाचं छप्पर कोणी घातलं. ओळखीचा म्हणून डोळे मिटून काम देऊ नका तेवढं, भाच्याच्या मित्राने बिघडवलेली छपरं आम्ही ॲपवाल्यांपेक्षा जास्त दुरुस्त केलीत, आणि तिथे तक्रारपण करता येत नाही.

पैशाचं. घर बघायच्या आधी ‘बुकिंग’ म्हणून कोणी काही मागितलं तर देऊ नका. पैसे परत पाठवतो, क्यूआर स्कॅन करा, पिन टाका म्हणाला तर फोन ठेवा, पैसे यायला पिन लागत नाही. गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. कामाची किंवा साईटची तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. अॅडव्हान्स द्यायचा तर आमचा सल्ला असा, पत्र्या-पाईपचे पैसे थेट दुकानदाराला द्या, बिल तुमच्या नावावर घ्या, कॉन्ट्रॅक्टरला मजुरी काम होईल तशी. आमच्याशीपण असंच करा, आम्ही रागावत नाही.

आणि टेरेसवर नवीन शेड उभी करत असाल तर आधी पंचायतीत किंवा पालिकेत विचारा, ॲपवरचा माणूस सांगणारच की काही लागत नाही. शेजाऱ्याने अर्ज घातला की नोटीस तुमच्या दारावर लागते, त्याच्या नाही. घर चार भावांच्या नावावर असेल तर चौघांचं एकमत आधी, आम्ही अर्धी कौलं उतरवल्यावर थोरले पोचलेत असं दोनदा झालंय.

आमचा नंबर मागच्या बाजूला शिक्क्यात आहे. येऊन वर चढून बघायचे पैसे आम्ही घेतो, काम दिलंत तर बिलातून वळते करतो. मे महिन्यात फोन केलात तर ताडपत्री बांधून देण्यापलीकडे आमच्या हातून फारसं होणार नाही, नोव्हेंबर ते मार्च बरा. पण तयारी आत्ताच करा: पाऊस चालू असताना जिथे जिथे थेंब पडतात तिथे जमिनीवर खडूने फुल्या मारा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण गणपतीची चवथ झाली, दिवाळी झाली की सगळं सुकतं आणि गळत होतं कुठे हे घरात कोणालाच आठवत नाही.