हिना आणि गुलहिना: नाव सारखं, अत्तरं दोन

दुकानात जाऊन नुसतं ‘हिना द्या’ म्हटलं, तर दोन अगदी वेगळ्या अत्तरांपैकी कुठलंही हातात पडू शकतं. एक आहे गुलहिना, म्हणजे मेंदीच्या फुलांचं अत्तर. दुसरं नुसतं हिना, ज्याला पुष्कळ ठिकाणी शमामा म्हणतात. त्यात मेंदीच्या फुलाचा वाटा असलाच तर नावापुरता. सारा कारभार मुळ्या, साली आणि मसाल्यांचा. पुरुषांचं उबदार, मसालेदार अत्तर म्हणून ज्याची ख्याती आहे ते हे दुसरं.

हिनाचा वास मराठी नाकाला तुकड्यातुकड्यांनी आधीच ओळखीचा असतो. नागरमोथा, जटामांसी, कापूरकाचरी ही दिवाळीच्या उटण्यातली मंडळी. दगडफूल, लवंग, वेलची, जायफळ, जायपत्री मसाल्याच्या डब्यातली. उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले दगडफुलाला छरीला म्हणतात. काळ्या मसाल्यासाठी ते भाजताना जो मातकट, धुरकट वास घरभर पसरतो, तोच हिनाचा कणा. वर केशर, आणि पूर्वी कस्तुरीही असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कस्तुरीमृगाला संरक्षण मिळालं, तेव्हा आज स्वस्तात कोणी ‘असली कस्तुरी’ सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

गुलहिना मात्र एकाच फुलाचं. पानं वाटून हातावर मेंदी काढल्यावर येतो तो वास त्यात शोधू नये, तो पानाचा. फुलाचा वास मधासारखा गोडसर, थोडा हिरवा, चहाच्या पत्तीची आठवण करून देणारा. तो नाजूक असतो, मसाला त्यात नाही.

कनौजमध्ये दोन्ही एकाच तऱ्हेच्या भांड्यांत निघतात. तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, माल आणि पाणी घालून झाकण माती-कापसाने लिंपतात. बांबूच्या चोंग्यातून, म्हणजे नळीतून, वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात जाते. भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनतेल असतं. आच चढली तर माल तळाला लागतो आणि अत्तराला जळका वास येतो, म्हणून कारागीर भपक्याला हात लावून उष्णतेचा अंदाज घेत राहतो. गुलहिनासाठी त्याच चंदनतेलावर रोज ताज्या फुलांचा नवा घाणा चढवतात. हिनाचा माल कुटून टप्प्याटप्प्याने चढतो आणि प्रत्येक घराण्याचं प्रमाण वेगळं, तेही गुप्त. त्यामुळे दोन दुकानांची गुलहिना जवळपास सारखी असू शकते, हिना कधीच नाही.

अंगावर लावल्यावर फरक आणखी स्पष्ट होतो. हिना पहिली दहा-पंधरा मिनिटं औषधी, धुरकट, जरा अंगावर येणारी वाटते. इथेच बरेच जण नाक मुरडून बाटली परत करतात, आणि ते चुकतं. अर्ध्या तासाने लवंग-जायफळ उबदार होऊन वर येतात, तीन-चार तासांनी चंदन आणि मुळ्यांचा खोल वास कातडीलगत उरतो. कपड्यावर तो दुसऱ्या दिवशीही असतो. गुलहिना पहिल्या मिनिटालाच आवडते, पण फूल लवकर उडतं आणि मागे चंदनच राहतं.

म्हणून हिना हिवाळ्यातली, तीही संध्याकाळची. मुंबईच्या दमट मे महिन्यात ती डोकं धरते. तेव्हा वाळा किंवा गुलहिना बरी. मात्रा मोजकी ठेवा: काचेच्या काडीचा एक स्पर्श मनगटाला, एक कानामागे. मनगटं एकमेकांवर घासू नका. फाया ठेवायचा तर कानाच्या वरच्या घडीत, भोकात नव्हे. पांढऱ्या सदऱ्यावर हिनाचा तपकिरी डाग पडतो, तो सहज निघत नाही. दगडफूल आणि लवंग काहींच्या त्वचेला सोसत नाहीत, तेव्हा आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून चोवीस तास थांबा.

चंदनतेल महाग झाल्यापासून अत्तराच्या पायाचं तेल अनेकदा बदललेलं असतं. ते तपासायला अत्तराचा एक थेंब ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका. दुधाळ झालं किंवा थेंब तळाशी बसला तर लिक्विड पॅराफिन, म्हणजे स्वस्त खनिज तेल, असण्याची शक्यता मोठी. स्वच्छ विरघळलं म्हणजे चंदन असंच मात्र नाही, कारण अत्तरात मिसळलं जाणारं डायइथाइल थॅलेट हेही तसंच विरघळतं आणि त्याला वास जवळपास नसतो. ते पकडायला नाकच हवं: सहा तासांनी मनगट हुंगा. खाली चंदनाचा मऊ, दुधाळ वास उरला नसेल, तर पाया चंदनाचा नव्हता.

विकत घेताना दुकानदाराला विचारा, ‘फुलांची की मसाल्याची?’ मग दोन्ही मनगटांवर एकेक लावून बाहेर चक्कर मारा आणि अर्ध्या तासाने परत या.