कला शाखेतला विद्यार्थी-उद्योजक: कॉलेजकडे अर्ज कसा करायचा आणि यश कशावर मोजतात

सिरॅमिकची भांडी, ब्लॉक प्रिंटचे दुपट्टे, सुलेखनातल्या लग्नपत्रिका, पुस्तकांसाठी चित्रं. कला महाविद्यालयातली मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच ऑर्डरी घेऊ लागतात. पण कॉलेजचं स्टार्टअप धोरण आपल्यालाही लागू होतं, हे त्यांच्या गावीही नसतं. स्टार्टअप म्हटलं की ॲप आणि इंजिनिअर डोळ्यासमोर येतात, त्याचा हा परिणाम.

केंद्र सरकारने विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण आणलं. ती मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांच्या आधारे प्रत्येक संस्थेने आपलं धोरण मंजूर करायचं असतं. म्हणून या धोरणाखालच्या सवलतींसाठी अर्ज लिहिण्याआधी कॉलेजच्या इनोव्हेशन कौन्सिलच्या, म्हणजे नवोपक्रमांचं काम पाहणाऱ्या मंडळाच्या, समन्वयकाकडे मंजूर धोरणाची प्रत मागा. कॉलेजात असं काही नसेल, तर विद्यापीठाच्या नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य विभागाकडे जा. सार्वजनिक विद्यापीठांत ही व्यवस्था २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानेच ठेवलेली आहे.

केंद्राच्या धोरणात शाखेची अट नाही. प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला शिकता शिकता व्यवसाय करता येतो. हजेरी कमी पडली तरी संस्थेच्या परवानगीने परीक्षेला बसता येतं, एखादं सत्र किंवा वर्ष थांबता येतं, व्यवसायाच्या नोंदणीसाठी संस्थेचा पत्ताही वापरता येतो. मात्र हे सगळं परवानगीने आणि लेखी. तोंडी 'हो'वर विसंबू नका.

कागदपत्रांत साधारणपणे बोनाफाईड, आधार, पॅन, विभागप्रमुखांचं पत्र, दोन पानांचा व्यवसाय आराखडा आणि कामाचे फोटो मागतात. सोबत उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र जोडलं तर वजन पडतं. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत होते, आधार आणि पॅनवर भागतं, कागद अपलोड करावे लागत नाहीत. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही असं समजा. एकट्याच्या मालकीचा व्यवसाय उद्यममध्ये चालतो. केंद्राच्या स्टार्टअप इंडियाची मान्यता मात्र त्याला मिळत नाही, तिथे नोंदणीकृत भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेडसारखी रचना लागते.

सही करण्याआधी दोन कलमं नीट वाचा. पहिलं हिश्शाचं. इन्क्युबेटरच्या, म्हणजे नव्या व्यवसायांना आधार देणाऱ्या केंद्राच्या, जागा-सुविधांच्या बदल्यात संस्था तुमच्या व्यवसायात २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. हिस्सा सक्तीचा असेल, तर आधी तीन महिने भाड्याने सुविधा वापरून मग निर्णय घेण्याची मुभा केंद्राच्या धोरणात आहे. ती जरूर मागा.

दुसरं कलम हक्कांचं, आणि कलेच्या विद्यार्थ्याला खरा फटका इथेच बसू शकतो. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किंवा संस्थेची साधनं, निधी मोठ्या प्रमाणावर वापरून घडलेल्या कामाचा हक्क संस्थेसह सामाईक ठरतो. अभ्यासक्रमाबाहेर, संस्थेची साधनं न वापरता केलेलं काम पूर्ण तुमचं. सत्राच्या सबमिशनमधलं डिझाइन पुढे दुपट्ट्यावर छापून विकणार असाल तर ते कोणत्या बाजूला पडतं? अर्जातच तशा डिझाइन्सची यादी देऊन उत्तर लेखी घ्या. आणखी एक गोष्ट: जे डिझाइन 'डिझाइन्स कायद्या'खाली नोंदवता येतं पण नोंदवलेलं नाही, त्याच्या यंत्राने वा औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक प्रती निघाल्या की कॉपीराइटचं संरक्षण संपतं. म्हणून छपाईची मोठी ऑर्डर घेण्याआधी डिझाइनची नोंदणी करा. बाजारात आल्यावर ती करता येत नाही.

आता मूल्यमापन. संस्थेने आपल्या उपक्रमांचा परिणाम नियमित तपासावा, असं धोरण सांगतं: किती स्टार्टअप उभे राहिले, संस्थेने कोणता आधार दिला, सहभागी समाधानी आहेत का, नवे व्यावसायिक संबंध किती जुळले. आणि दीर्घकाळात व्यावसायिक यश हीच एकमेव कसोटी, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. विक्री मोजावी, याबद्दल माझं दुमत नाही. पण कंपन्यांची संख्या हा कलाव्यवसायाच्या बाबतीत फसवा आकडा आहे. पाच मित्रांनी हौसेने काढलेली आणि वर्षभरात थंडावलेली एलएलपी त्यात मोजली जाते. घरच्या भट्टीवर वर्षानुवर्षे पोट भरणारी कुंभारकाम करणारी मुलगी कंपनी नाही म्हणून मोजणीतून सुटते. पदवीनंतर तीन वर्षांनी व्यवसाय चालू आहे का, जुनं गिऱ्हाईक परत येतं का, एका नगाचा दर वाढला का, हे विचारलं तर खरं चित्र कळेल.

तुमचं काम तपासणारी कॉलेजची समिती हे विचारेलच असं नाही, म्हणून आढाव्याच्या वेळी तुम्हीच मांडा. त्यासाठी पहिल्या ऑर्डरीपासून वही ठेवा: तारीख, गिऱ्हाईक नवं की जुनं, साहित्याचा खर्च, लागलेले तास, मिळालेली रक्कम. तासांचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. मग कागदावर नफा दिसतो आणि हातात काही उरत नाही. रक्कम शक्यतो बँकेत किंवा यूपीआयने घ्या, म्हणजे खातेउतारा पुरावा म्हणून जोडता येतो. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या.