तेलात कोळसा कालवला की तो वाहतो कसा?

परळीसारख्या औष्णिक वीजकेंद्रात बॉयलर पेटवताना आधी तेल जाळतात. भट्टी तापली की मग कोळशाची भुकटी सोडतात. ही दोन्ही इंधनं एकत्र कालवून एकाच नळीतून नेण्याचा विचार जुनाच, पण १९७३ नंतर तेलाचे भाव कडाडले तेव्हा त्याने अमेरिका-जपानात जोर धरला. तेलावरचे बॉयलर मोडीत न काढता त्यात स्वस्त कोळसाही जाळता आला असता.

खरी अडचण हे मिश्रण वाहतं ठेवण्याची. बारीक दळलेला कोळसा जड तेलात वजनाने निम्मा मिसळला, तर आकारमानाने तो साधारण ४० टक्के जागा घेतो. द्रवातल्या गोल कणांमुळे दाटपणा किती वाढतो, याचं आइनस्टाइनचं सूत्र आहे. त्या हिशेबाने दाटपणा दुप्पट व्हावा. प्रत्यक्षात तो कितीतरी पट वाढतो. सूत्र विरळ कणांचं आहे, इथे ओबडधोबड कण एकमेकांना खेटलेले असतात. महाशिवरात्रीला परळीत वैजनाथाच्या दर्शनाची गर्दी एका मर्यादेपर्यंत सरकत राहते; त्यापुढे थोडी माणसं वाढली तरी सगळंच थिजतं. पण मोठ्यांमधल्या फटींत लेकरं मावतात! जाडसर आणि अगदी बारीक कण योग्य प्रमाणात घेतले, तर तेवढाच कोळसा घालूनही मिश्रण पातळ राहतं. या विषयातली मला सर्वांत आवडणारी युक्ती हीच. नुसतं बारीक दळत गेलं तर उलट होतं: कणांचा एकूण पृष्ठभाग वाढतो, त्याला तेल चिकटून बसतं आणि दाटपणा चढतो.

शिवाय हा दाटपणा म्हणजे एकच ठरलेला आकडा नव्हे. जोरात ढवळलं की कणांच्या गुठळ्या सुटतात, मिश्रण पातळ होतं. थांबलं की कण पुन्हा जाळं बांधतात. ते जाळं मोडेल एवढा जोर लावल्याशिवाय मिश्रण हलतच नाही. म्हणून बंद पडलेला पंप पुन्हा सुरू करणं हे चालू पंपापेक्षा अवघड, त्यात तेल गार झालं असेल तर फारच. नळ्या तापवून ठेवाव्या लागतात त्या यासाठी. मात्र टाकीत कोळसा लवकर तळाशी बसत नाही, तोही या जाळ्यामुळेच. ते हवं तेवढंच घट्ट राहावं म्हणून मिश्रणात रसायनं घालतात.

१९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि या इंधनाची निकड ओसरली. आपल्याकडे राखेचा प्रश्न वेगळाच. भारतीय कोळशात ती बरेचदा ३० टक्क्यांहून जास्त असते; बर्नरची तोंडं झिजवते, आणि तेलासाठी बांधलेल्या बॉयलरमध्ये एवढी राख काढायची सोयच नसते. इथे हे मिश्रण वापरायचं तर पंपाच्या आधी कोळसा धुण्याची व्यवस्था लागेल.