फ्लार्मची पार्श्वभूमी: दाटीत उडणाऱ्या ग्लायडरसाठी घडलेले यंत्र

इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरला उंची मिळते ती तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या झोतातून, म्हणजे थर्मलमधून. आणि चांगला थर्मल सापडला की अनेक ग्लायडर त्याच झोतात एकमेकांजवळ गिरक्या घेऊ लागतात. या दाटीत अनेक दशके एकच नियम होता: बाहेर नजर ठेवा आणि टक्कर टाळा. नियम आजही योग्यच आहे, पण डोळा अपुरा पडतो. समोरून येणारे पांढरे, निमुळते ग्लायडर ढगांपुढे किंवा बर्फापुढे जेमतेम दिसते. शिवाय सरळ उडणारी दोन विमाने धडकेच्या मार्गावर असतील, तर एकाच्या काचेतून दुसरे जागचे न हलता दिसते. त्याचा आकार शेवटच्या काही सेकंदांतच झपाट्याने वाढतो, आणि तोवर स्थिर ठिपक्याकडे नजर सहसा वळत नाही.

प्रवासी विमानांतील टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा इथे उपयोगी नव्हती. ती जड, महाग आणि वीज खाणारी होतीच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्या हिशेबाने थर्मलमधला प्रत्येक शेजारी धोका ठरला असता आणि इशारे थांबलेच नसते. ग्लायडरच्या जगात जवळ असणे नेहमीचे असते. कोणाचा मार्ग आपल्या मार्गाला छेदणार, हा खरा प्रश्न असतो.

जीवघेण्या टकरींनी अस्वस्थ झालेल्या ऊर्स रोथाखर आणि आंद्रेआ श्लापबाख यांनी स्वित्झर्लंडमध्ये नेमका हाच प्रश्न हाती घेतला. २००४ मध्ये बाजारात आलेले त्यांचे फ्लार्म हे यंत्र जीपीएस आणि हवेच्या दाबावरून स्वतःची जागा ओळखते, पुढच्या काही सेकंदांतला मार्ग, गिरकीसुद्धा धरून, वर्तवते आणि तो कमी शक्तीच्या रेडिओवरून दर सेकंदाच्या सुमारास प्रसारित करते. आलेले अंदाज आपल्या मार्गाशी ताडून पाहिल्यावर धोका खरा वाटला, तरच ते दिवे आणि आवाजाने इशारा देते. वीज इतकी कमी लागते की ग्लायडरची छोटी बॅटरी त्याला पुरते. डोंगराळ भागात दिसायला कठीण असलेल्या तारा आणि रोपवेंची माहितीही त्यात साठवता येते.

वीज हा किरकोळ मुद्दा नव्हता. २८ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील नेवाडा राज्यात एक हॉकर जेट आणि ग्लायडर यांची हवेत टक्कर झाली. ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर (रडार आणि टीकॅसला रेडिओवरून उत्तर देऊन विमानाची उपस्थिती कळवणारा संच) होता, पण बॅटरी वाचवण्यासाठी तो बंद ठेवलेला होता. पॅराशूटमुळे ग्लायडरचा वैमानिक वाचला आणि जेटही उतरू शकले.

मूळ फ्लार्मला मात्र फक्त फ्लार्म असलेलीच विमाने दिसतात. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे आलेले पॉवरफ्लार्म ट्रान्सपाँडरचे आणि एडीएस-बीचे, म्हणजे विमान स्वतःची जागा आपोआप प्रसारित करते त्या पद्धतीचे, संदेशही टिपू लागले. याच सुमारास स्पर्धांत वेगळाच वाद रंगला: पडद्यावर इतरांचा चढण्याचा वेग दिसला, की काही जण स्वतः थर्मल शोधण्याऐवजी त्यांच्याकडेच वळू लागले. म्हणून दूरच्या ग्लायडरची माहिती झाकणारी, पण टकरीचा इशारा कायम ठेवणारी सोय यंत्रात करण्यात आली, आणि खेळातील चुरशीसाठी सुरक्षिततेला हात न लावणारी ही तडजोड योग्यच म्हटली पाहिजे.