सखी सावित्री समिती आणि विशाखा समिती: शाळेत कोणती कशासाठी?

जूनमध्ये शाळा उघडल्या की मुख्याध्यापकांच्या टेबलावर समित्यांच्या फायली जमायला लागतात. शाळा व्यवस्थापन समिती, परिवहन समिती, विद्यार्थी सुरक्षा समिती, आणि त्यांतच सखी सावित्री समिती व अंतर्गत तक्रार समिती. या शेवटच्या दोघींची गल्लत हमखास होते. बऱ्याच शाळांत त्याच दोन-तीन शिक्षिका दोन्हींवर असतात आणि फलकही शेजारी-शेजारी लागतात. गल्लत इतिवृत्तापुरती राहिली तर निस्तरता येते. एखाद्या मुलाची तक्रार त्यात सापडली तर मात्र त्या मुलाचं न भरून येणारं नुकसान होतं, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

अंतर्गत तक्रार समितीला शिक्षक अजूनही विशाखा समितीच म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातून ती आली आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे ती नेमावीच लागते. या मोजणीत कंत्राटी शिपाई आणि रोजंदारीवरच्या सफाई कामगारही धरायच्या. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला आणि बाहेरच्या संस्थेतली एक जाणकार व्यक्ती अशी तिची रचना. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. साक्षीला बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार तिला आहेत. मुख्याध्यापक एखाद्या शिक्षिकेला रात्री-अपरात्री नको ते मेसेज पाठवत असतील, तर तिने जायची जागा ही.

सखी सावित्री समिती आली ती शालेय शिक्षण विभागाच्या १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने. तिच्यामागे स्वतंत्र कायदा नाही. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष तिचे अध्यक्ष, मुख्याध्यापक सदस्य सचिव. सोबत शिक्षिका, समुपदेशक, महिला डॉक्टर, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीच्या महिला सदस्य, पालक महिला आणि विद्यार्थी प्रतिनिधीही. या यादीतूनच तिचं काम कळतं. शाळा सुटलेल्या मुलीला परत वर्गात आणणं, ठरत असलेला बालविवाह वेळीच थांबवणं, मुलामुलींना स्पर्शाबद्दल, स्वसंरक्षणाबद्दल बोलतं करणं, १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असेल असं बघणं. गावात कोणाच्या घरी लग्नाची बोलणी चालली आहेत हे अंगणवाडी सेविकेला जितकं आधी कळतं तितकं कोणत्याही कार्यालयाला कळत नाही. ही समिती मनापासून चालवली तर तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. दुर्दैवाने अनेक ठिकाणी ती तपासणीच्या आदल्या दिवशीच जिवंत होते.

थोडक्यात, विशाखा समिती घडून गेलेल्या छळाची चौकशी करते, तर सखी सावित्री समितीने काही घडण्याआधीच जागं राहायचं असतं. पहिलीकडे फक्त स्त्रिया तक्रार करू शकतात. दुसरीच्या कक्षेत मुलगेही येतात.

आता खरा पेच. समजा, सहावीतली मुलगी वर्गशिक्षिकेला सांगते की व्हॅनचे काका तिला नको तिथे हात लावतात. ही तक्रार कोणत्या समितीपुढे ठेवायची?

आधी पोलिसांकडे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडण्याची शक्यता जाणवली, त्या प्रत्येकाने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे, असं कलम १९ सांगतं. हे बंधन वर्गशिक्षिकेवर स्वतःवर आहे. संस्थाचालकांची परवानगी लागत नाही, पालकांच्या संमतीसाठी थांबायचं नसतं. सद्‌हेतूने कळवलेली गोष्ट पुढे सिद्ध झाली नाही तरी कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. न कळवल्यास मात्र कलम २१ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

‘आधी आपण खात्री करून घेऊ’ हे वाक्य शाळांत फार सहज उच्चारलं जातं. हेतू वाईटच असतो असं नाही. शिक्षकावर खोटा आळ येऊ नये ही भीतीही खरी असते. पण खात्री करण्याचं काम तपास यंत्रणेचं आहे. तीच गोष्ट मुलीला आधी बाईंपुढे, मग मुख्याध्यापकांपुढे, मग समितीपुढे सांगायला लावली की ती दर वेळी पुन्हा तेच भोगते. शिवाय तपशिलात पडलेला थोडासा फरकही न्यायालयात तिच्याच विरुद्ध वापरला जातो. सखी सावित्री समितीपुढे ही तक्रार ठेवणं तर आणखी घातक. तिथे गावातली माणसं आणि शाळेतलीच मुलं बसलेली असतात; संध्याकाळपर्यंत नाव गावभर होतं.

बदलापूरच्या शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये दोन चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळेशी संबंधितांवर पोक्सोखाली गुन्हाही नोंदवला गेला. त्याआधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की माहिती असून गप्प राहणं हा गंभीर गुन्हा आहे. तिथे आरोप होता तो मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर.

बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती या सगळ्यावर पुन्हा बोट ठेवलं आणि अनुचित प्रकार २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायला सांगितलं. इथे नवा घोटाळा होऊ शकतो. शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र गेलं म्हणजे पोलिसांना कळवलं असं होत नाही. ते पत्र वेगळं, आणि पोलिसांकडे जाण्यासाठी चोवीस तासांची मुभा त्यातून मिळत नाही. १०९८ वर फोन जरूर करावा, मदत मिळते. तरी पोलिसांना कळवणं राहतंच.

मग शिक्षिकेने त्या क्षणी काय करायचं? शांतपणे ऐकून घ्यायचं. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. मुलीचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचे. व्हॅनवाल्याला बोलावून समोरासमोर करायचं नाही. पालक पोलीस ठाण्याच्या नावानेच घाबरतात, त्यांना हे सांगायचं की जबाब मुलीच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि ती गणवेशात नसते.

काही प्रसंग सीमेवरचे असतात. बारावीतली मुलगी अठरा पूर्ण झालेली असेल तर पोक्सो लागत नाही. पण २०१३ च्या कायद्यातली पीडित महिला कोणत्याही वयाची, नोकरीत असलेली वा नसलेली असू शकते, म्हणून कनिष्ठ महाविद्यालयातली ती मुलगी प्राध्यापकाविरुद्ध विशाखा समितीकडे जाऊ शकते. पोलिसांचा मार्ग तिला वेगळा खुला असतोच. ती सतरा वर्षांची असेल तर पोलिसांना कळवणं आधी, समितीची खात्यांतर्गत चौकशी नंतर. तक्रार करणारा मुलगा असेल तर विशाखा समितीचा प्रश्नच येत नाही, पोक्सो मात्र त्याला तितकाच लागू आहे. मुलग्यांच्या तक्रारी ‘मस्करी’ म्हणून सोडून दिल्या जातात, तिथे शिक्षकांनी जास्त सावध असायला हवं.

आणि दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा? तिथे दहा कर्मचारी नाहीत, म्हणून विशाखा समिती नाही. तिथल्या शिक्षिकेसाठी जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती असते. मोठ्या शाळेतही तक्रार खुद्द मालकाविरुद्ध, म्हणजे संस्थाचालकाविरुद्ध असेल, तर या स्थानिक समितीकडेच जायचं. त्या समितीचा पत्ता आणि फोन नंबर केंद्रप्रमुखांनी प्रत्येक लहान शाळेत या जूनमध्येच लावून घ्यावा.